जलविद्युत बोगद्यावरच्या इंजिनिअरनं परदेशी प्रशिक्षणाला जावं का, आणि जायचं तर कसं

सह्याद्रीत सध्या उदंचन प्रकल्पांची (खालचं पाणी पंपानं वर चढवून, हवं तेव्हा सोडून वीज करणाऱ्या) लाट आहे. भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॉट, असा टाटा पॉवरचा २०२३ मधला राज्य सरकारशी झालेला करार सगळ्यांनी वाचला असेल. बाकीच्या कंपन्याही घाटमाथ्यावर जागा शोधत फिरताहेत. त्यामुळे हिमाचल, उत्तराखंड, भूतानच्या साइट्सवर वर्षानुवर्षं राहिलेली आपली मुलं परत येताहेत आणि कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं पहिल्यांदाच अडिटमध्ये (मुख्य बोगद्याकडे नेणाऱ्या आडव्या वाटेत) शिरताहेत. दोघांचा प्रश्न एकच: परदेशात ट्रेनिंग केलं तर खरंच काही फरक पडतो का?

पडतो. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण कोयनेचं. चौथ्या टप्प्यासाठी शिवाजीसागराच्या तळातून पाणी घ्यायचं होतं, धरण रिकामं न करता. बोगदा जलाशयाच्या तळाखाली नेऊन शेवटचा खडकाचा बूच एका स्फोटात उडवायचा, ही नॉर्वेत मुरलेली पद्धत. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेत ती यशस्वी झाली, आशियात पहिल्यांदा. २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा तेच केलं. हे पुस्तक वाचून होणारं काम नव्हे. ज्यांनी ते अनेकदा केलंय त्यांच्याकडूनच शिकावं लागतं.

पण प्रशिक्षणाहून परतलेले अनेक जण फक्त फोटो आणि टोपी घेऊन येतात, हेही मी पाहिलंय. तसं होऊ नये म्हणून मी नॉर्वेला जाताना आणि आल्यावर जे शिकलो, ते क्रमानं लिहितो.

१. आधी तुमचा प्रश्न ठरवा, मग देश

"मला टनेलिंग शिकायचंय" हा प्रश्न नाही. तुमच्या फेसवर (खोदाई चालू असलेल्या टोकाच्या खडकावर) नेमकं काय अडतंय ते एका ओळीत लिहून काढा. साधारण चार प्रकार निघतात.

खडक: वर्ग ठरवण्यावरून रोज वाद, सपोर्ट (खडकाला द्यायचा आधार) कधी जास्त कधी कमी, ओव्हरब्रेक (आखणीबाहेर फुटणारा खडक) आटोक्यात येत नाही.

पाणी: फेसवर अचानक लोंढा, ग्राउटिंग (भेगांत दाबानं सिमेंट भरणं) नेहमी उशिरा.

यंत्र: टीबीएम (बोगदा खोदणारं महायंत्र) किंवा संगणकीय जंबो (स्फोटासाठी भोकं पाडणारं यंत्र) येणार आहे आणि चालवणारं कुणी नाही.

करार: खडक वाईट निघाला, आता पैसे कुणी द्यायचे?

टीबीएमची भुरळ सगळ्यांनाच पडते, म्हणून एक सांगून ठेवतो. हिमाचलच्या पार्वती-२ प्रकल्पाचा हेड रेस टनेल (वीजघराकडे पाणी नेणारा मुख्य बोगदा) सुमारे ३१.५ किलोमीटरचा. २००७ मध्ये तिथल्या टीबीएमसमोर घेतलेल्या प्रोब होलमधून (पुढचा खडक तपासायच्या भोकातून) पाणी आणि गाळ आत घुसला आणि मशीन अडकलं. प्रकल्प पूर्ण व्हायला २०२५ उजाडलं. तपोवन-विष्णुगडचं टीबीएमसुद्धा २००९ मध्ये पाण्यानंच अडकलं. मशीन चालवणारे तिथं होतेच. खरा प्रश्न पुढच्या खडकाच्या अंदाजाचा आणि पाणी हाताळण्याच्या तयारीचा होता. तेव्हा 'यंत्र' निवडण्यापूर्वी तुमचा प्रश्न मुळात 'खडक' किंवा 'पाणी' तर नाही ना, हे तपासा.

२. कुठे काय शिकायला मिळतं

नॉर्वे: जलविद्युत बोगद्यांचं माहेरघर म्हटलं तरी चालेल. ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठात जलविद्युत विकासावरचं दोन वर्षांचं इंग्रजी माध्यमातलं एमएससी आहे, आणि त्याच गावात इंटरनॅशनल सेंटर फॉर हायड्रोपॉवर ही नोकरी करणाऱ्यांसाठी छोटे अभ्यासक्रम घेणारी संस्था आहे. ऑस्लोची एनजीआय म्हणजे क्यू पद्धत (खडकाची प्रत एका आकड्यात मांडण्याची रीत) जिथं जन्मली ती संस्था. एक गोष्ट बदलली आहे: २०२३ पासून नॉर्वेनं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क लावलंय. 'नॉर्वेत शिक्षण फुकट' असं सांगणारे जुने व्हिडिओ पाहून हिशोब मांडू नका.

ऑस्ट्रिया: एनएटीएम (खडकाची हालचाल मोजत त्याप्रमाणे आधार देण्याची ऑस्ट्रियन पद्धत) शिकायची तर इथेच. ग्राझचं तांत्रिक विद्यापीठ आणि लेओबेनचं खाणकाम विद्यापीठ मिळून एनएटीएम इंजिनिअरिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात. आइझनएर्झला एर्झबर्ग या लोहखनिजाच्या डोंगरात लेओबेन विद्यापीठाचं 'झेंट्रुम आम बेर्ग' हे प्रशिक्षण केंद्र खऱ्याखुऱ्या बोगद्यांत आहे.

स्वित्झर्लंड आणि इटली: फ्लुम्सजवळच्या हागरबाख चाचणी बोगद्यात शॉटक्रीट (फवारून लावायचं काँक्रीट), आग आणि वायुवीजन यांचे प्रयोग होतात. टोरिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये बोगदे आणि टीबीएमवरचा मास्टर्स आहे.

जपान: जायका या जपान सरकारच्या सहकार्य संस्थेचे अभ्यासक्रम. प्रवास, राहणं, शिकवणं सगळा खर्च तेच करतात, पण अर्ज सरकारी वाटेनंच जातो. जलसंपदा, महानिर्मिती किंवा केंद्राच्या कंपनीत असाल तर आस्थापना विभागात विचारा. खासगी कंत्राटदाराकडे असाल तर ही वाट जवळपास बंद आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प जपानी कर्जावर उभा राहिला, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या अधिकाऱ्यांना ही वाट चांगली ठाऊक असते.

आणि भूतान-नेपाळ. हसू नका. ताला प्रकल्पाचा १,०२० मेगावॉटसाठी खोदलेला २३ किलोमीटरचा बोगदा वाईट खडकामुळे रखडला होता, आणि तिथं शिकलेली माणसं आजही भूतानमध्ये काम करतात. नेपाळमधल्या भेरी-बबईचा १२ किलोमीटरचा बोगदा टीबीएमनं वेळेच्या आत फोडला. तुमची साइट हिमालयात असेल तर नॉर्वेच्या कणखर ग्रॅनाइट-नाइसपेक्षा हा दगड तुमच्या कामाचा. खर्च कमी, व्हिसाची कटकट नाही. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर लावण्याजोगं मिळत नाही, म्हणून कुणी जात नाही.

३. पैसे कोण भरणार

बॉसकडे हात पसरण्याआधी तुमच्या प्रकल्पाचे करार वाचा. डिझाइन सल्लागाराच्या किंवा यंत्रपुरवठादाराच्या करारात बहुतेक वेळा प्रशिक्षणाचं एक कलम असतं: इतक्या इंजिनिअरांना, इतके आठवडे, पुरवठादाराच्या खर्चानं. हे कलम कुणी वापरतच नाही आणि काम संपताना ते सोडून दिल्याचं पत्र जातं. कलम क्रमांकासह अर्ज केलात तर नाही म्हणणं अवघड जातं.

कंपनी पाठवत असेल तर बाँड लिहून घेते. तीन गोष्टी पाहा: मुदत कधीपासून मोजणार, रक्कम दरमहा घटत जाणार की शेवटपर्यंत तेवढीच, आणि कंपनीनंच तुम्हाला काढलं तर काय. एका कंपनीच्या बाँडमध्ये रकमेत प्रशिक्षणकाळातला पगारही धरला होता. माझ्या सहकाऱ्याला ते राजीनामा देताना कळलं.

स्वतःच्या पैशानं जायचं ठरवलं तर आधी मोफतचं संपवा. क्यू पद्धतीची पुस्तिका एनजीआयच्या संकेतस्थळावर फुकट आहे. नॉर्वेच्या टनेलिंग सोसायटीची इंग्रजी प्रकाशनंही तशीच. हे वाचून झाल्यावरही प्रश्न उरत असतील तरच कर्ज काढा.

४. कागदपत्रं

युरोपातल्या तीन महिन्यांच्या आतल्या प्रशिक्षणासाठी शेंगेन व्हिसा लागतो. नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली सगळे त्यात येतात.

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, दोन कोरी पानं
- संस्थेचं निमंत्रणपत्र: तारखा, विषय, आणि राहण्याचा खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं
- कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि रजा मंजुरी
- किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा
- पगारपत्रकं, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं
- परतीच्या तिकिटाचं आणि राहण्याचं बुकिंग

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. शुल्क ९० युरो. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते तारखांवर: निमंत्रणात ७ ते १८, एनओसीत ८ ते १८, विम्यात ७ ते १७. फाइल देण्याआधी सगळे कागद टेबलावर पसरून फक्त तारखा वाचा.

पदवी अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना गुणपत्रकांचे अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट, इंग्रजीची परीक्षा आणि काही देशांसाठी अपोस्टिल (कागदपत्रांचं सरकारी प्रमाणीकरण) लागतं. आपल्या विद्यापीठांतून ट्रान्स्क्रिप्ट निघायला किती वेळ लागतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रवेशाचा निर्णय व्हायच्या आधीच अर्ज टाकून ठेवा.

आता सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांतल्या लोकांसाठी, जे बहुतेकांना शेवटच्या आठवड्यात कळतं: परदेशी संस्था तुमचं राहणं, जेवण किंवा प्रवास करणार असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्या आणि पाहुणचारावरच्या) कायद्याच्या कलम ६ प्रमाणे केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज ऑनलाइन, एफसी-२ नमुन्यात. दक्षता विभागाचं ना-हरकत पत्रही त्याच सुमारास लागतं. हे दोन्ही अर्ज निमंत्रण हातात पडल्याच्या दिवशीच करा.

५. जाण्याआधी: आपल्या फेसची वही तयार करा

हा टप्पा लोक गाळतात, आणि माझ्या मते निम्मं प्रशिक्षण इथंच होतं. तुमच्या बोगद्यातले दहा-बारा फेस निवडा: चांगले, वाईट, आणि ज्यांच्यावर भांडणं झाली ते. प्रत्येकाचा मोबाइलनं पण नीट उजेडात काढलेला फोटो, फेस मॅप (फेसवरच्या खडकाचं रेखाटन), क्यू किंवा आरएमआर (खडकाची प्रत ठरवण्याची दुसरी पद्धत) यांचे आकडे, प्रत्यक्ष लावलेला सपोर्ट आणि त्यानंतरचं कन्व्हर्जन्स (बोगद्याच्या भिंती किती आत सरकल्या ते) एका पानावर आणा.

एक पान कसं असावं बघा. हिमालयातल्या एका हेड रेस टनेलचा फेस, सहा मीटर रुंद. आरक्यूडी (खडक किती अखंड आहे ते) ६०, सांध्यांचे, म्हणजे खडकातल्या भेगांचे, तीन संच म्हणून जेएन ९, भागाकार ६.६७. सांध्याचा खडबडीतपणा जेआर १.५, सांध्याची झीज आणि त्यावरचा थर जेए २, भागाकार ०.७५. पाणी मध्यम, जेडब्ल्यू ०.६६. वरचं आवरण कमी, सांधे उघडे म्हणून खडकातल्या ताणाचा आकडा एसआरएफ २.५, भागाकार ०.२६४. तिन्हींचा गुणाकार १.३२. क्यू १ ते ४ मध्ये आला, म्हणजे 'पुअर'.

आता जेएवर बोट ठेवा. सांध्याचा पृष्ठभाग हाताला घट्ट लागला म्हणून २ लिहिलं. पण तो शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) होता आणि सांध्यावर अभ्रक आणि क्लोराइटचा चकचकीत थर होता. कमी घर्षणाच्या अशा थराला जेए ४ देतात. तेवढ्या एका आकड्यानं क्यू ०.६६ होतो आणि वर्ग 'व्हेरी पुअर'. म्हणजे शॉटक्रीट जाड, बोल्ट जवळजवळ, आणि कराराप्रमाणे दरही वेगळा. कंत्राटदाराचा भूगर्भतज्ज्ञ ४ म्हणणार आणि मालकाचा २, हे ओघानं आलंच. अशी पानं घेऊन गेलात तर तिथला शिक्षक तुमच्याशी दुपारभर बोलेल. नुसतं 'आमच्याकडे पुअर रॉक आहे' म्हणालात तर तो स्लाइड पुढे सरकवेल.

सह्याद्रीतले असाल तर बेसाल्टच्या दोन थरांमधला लाल बोलचा (मऊ, मातकट थराचा) पट्टा वहीत हवाच. कोरडा असताना तो निरुपद्रवी दिसतो आणि पाणी लागलं की सुटायला लागतो. क्यू पद्धत १९७४ मध्ये २१२ उदाहरणांवरून बांधली गेली, त्यांतली बरीचशी स्कँडिनेव्हियातल्या कठीण खडकांतली. आपल्या पट्ट्याला ती कशी लावायची, हा तिथं जाऊन विचारण्यासारखा प्रश्न आहे.

सावधगिरी: हा डेटा तुमच्या मालकीचा नाही. लेखी परवानगी घ्या, प्रकल्पाचं नाव, चेनेज (बोगद्यातलं ठिकाण सांगणारं अंतर) आणि अक्षांश-रेखांश काढून टाका. सीमाभागातले प्रकल्प संवेदनशील असतात. नकाशे लॅपटॉपवर ठेवून विमानतळ ओलांडू नका.

६. तिथं पोचल्यावर काय पाहायचं

वर्गात शिकवतात ते पीडीएफमध्ये मिळतं. साइटभेटीच्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत उभं राहा, आणि यंत्राकडे कमी, माणसांकडे जास्त बघा.

निर्णय कोण घेतं? नॉर्वेत मी जो फेस पाहिला तिथं ब्लास्ट झाला, धूर गेला, सैल दगड पाडून झाले, आणि मालकाचा भूगर्भतज्ज्ञ आणि कंत्राटदाराचा शिफ्टप्रमुख दोघं फेससमोर उभे राहिले. टॅबलेटवर नोंद केली, बोल्ट किती आणि शॉटक्रीट किती हे ठरलं, दोघांनी तिथल्या तिथं मान्य केलं, फवारणी सुरू. आपल्याकडे हीच गोष्ट फेसवरून ऑफिसात, ऑफिसातून सल्लागाराकडे, तिथून पत्रानं परत. तोवर खडक मोकळा उभा. माझ्या लेखी सगळ्या प्रशिक्षणात बघण्यासारखं हेच आहे. त्यांचा शिफ्टप्रमुख सही करू शकतो, कारण प्रत्येक प्रकारच्या सपोर्टला दर आणि वेळ दोन्ही करारात आधीच ठरलेले असतात. जास्त सपोर्ट लागला तर मुदत आपोआप वाढते. फेसवर भांडायला कारणच उरत नाही.

म्हणूनच करारावरचं सत्र चुकवू नका, कितीही झोप आली तरी. २०१९ मध्ये फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या जागतिक महासंघानं आंतरराष्ट्रीय टनेलिंग संघटनेबरोबर भूमिगत कामांसाठी 'एमराल्ड बुक' हा करारनमुना काढला. जमिनीखाली काय अपेक्षित धरलंय ते एका आधारअहवालात लिहायचं आणि त्यापलीकडची जोखीम मालकानं घ्यायची, हा त्याचा गाभा. आपल्याकडे सगळी जोखीम कंत्राटदाराच्या गळ्यात बांधून निविदा काढतात आणि मग लवादात दहा वर्षं घालवतात. साइट इंजिनिअरला वाटतं हा वकिलांचा विषय आहे. पण त्या आधारअहवालाशी उद्या तुमचाच फेस मॅप ताडून पाहिला जाणार असतो.

प्रोब ड्रिलिंग: फेसच्या पुढे किती मीटर, किती ओव्हरलॅप, किती पाणी निघालं की आगाऊ ग्राउटिंग सुरू, हे आकडे त्यांनी आधी लिहून ठेवलेले असतात. ते आकडे मागा. त्यामागचा विचारही विचारा, कारण आकडा प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा असतो.

शॉटक्रीट: नोझल चालवणाऱ्याकडे दहा मिनिटं बघत राहा. पृष्ठभागापासून एक ते दोन मीटर, काटकोनात, छोट्या वर्तुळांत, खालून वर. आपल्याकडे नोझल तिरकं धरून लांबून मारतात आणि निम्मा माल खाली पडलेला दिसतो. युरोपात नोझलमनला एफनार्क या युरोपीय संघटनेचं प्रमाणपत्र असतं. फवारलेल्या थराची पहिल्या काही तासांतली ताकद सुईनं आणि खिळा ठोकून कशी मोजतात तेही हातानं करून बघा. फोरमनला शिकवायला सोपं आहे आणि खर्चही फार नाही.

कन्व्हर्जन्स: ऑस्ट्रियात गेलात तर हा विषय पिंजून काढा. प्रिझम लावून टोटल स्टेशननं मापं आपणही घेतो. फरक वाचण्यात आहे. आलेख कालांतरानं आडवा होत गेला पाहिजे. फेस पुढे गेल्यावरही चढत राहिला तर सपोर्ट अपुरा. तिथं हा आलेख रोज सकाळी भिंतीवर लागतो आणि कुणीतरी त्याखाली सही करतं. आपल्याकडे तो महिन्याच्या रिपोर्टच्या परिशिष्टात जातो.

सुरक्षा: बोगद्याच्या तोंडाशी कोण आत आहे याचा फलक, फेसजवळचा आश्रयकक्ष, त्यातला प्राणवायू किती तासांचा, हे प्रत्येक साइटवर विचारा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिल्क्यारात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. तो रस्त्याचा बोगदा होता, पण एकाच तोंडाच्या लांब अडिटमध्ये आपली स्थिती याहून वेगळी नसते.

आणि छोट्या गोष्टी. नॉर्वेत बाहेरचं जेवण खिसा रिकामा करतं. पोहे, भडंग, मेतकूट, तूप बरोबर न्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. साइटभेटीला सेफ्टी शूज स्वतःचे न्या, तिथले मापात बसत नाहीत. संमेलनाला प्रशिक्षण समजू नका. आणि 'आंतरराष्ट्रीय टनेल इंजिनिअर' असं प्रमाणपत्र चार दिवसांत देणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. नोकरी देणारे ते बघतच नाहीत.

७. परतल्यावर

दहा सुधारणांची यादी घेऊन प्रोजेक्ट मॅनेजरकडे जाऊ नका. एकच निवडा, जी मालकाची परवानगी न घेता तुमच्या अधिकारात बसते. मी संयुक्त फेस मॅपिंग निवडलं होतं: दोन्ही बाजूंचे भूगर्भतज्ज्ञ एकाच वेळी फेसवर, एकाच कागदावर, क्यू एका आकड्यात न लिहिता 'इथपासून इथपर्यंत' असा पट्टा. सुरुवातीला दोघंही नाराज होते. पण पट्टा लिहायची मुभा मिळाल्यावर बरेचसे वाद फेसवरच मिटायला लागले, कारण भांडण मुळात आकड्याच्या तिसऱ्या अंकावर चाललेलं असायचं.

जी सुधारणा निवडाल ती मेथड स्टेटमेंटमध्ये (काम कसं करायचं ते लिहिलेल्या कागदात) घाला. तोंडी सांगितलेलं तुमची बदली झाली की संपतं. शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं हिंदीत समजावा. फेसवर काम करणारी मुलं झारखंड, ओडिशा, नेपाळची असतात, त्यांच्यापर्यंत इंग्रजी स्लाइड पोचत नाही. आणि महिन्याभरात खर्चाचा आकडा द्या: प्रति मीटर शॉटक्रीट किती वाचलं, सायकल टाइम (एका स्फोटापासून पुढच्या स्फोटापर्यंतचा वेळ) किती कमी झाला. पुढच्या माणसाला पाठवायचं की नाही हे त्या आकड्यावर ठरतं.

तो पुढचा माणूस शक्यतो इंजिनिअर नसावा. शॉटक्रीटचा फोरमन किंवा जंबो ऑपरेटर पाठवा. साहेब लोक आठ दिवसांत जे बघतात ते हा माणूस पहिल्या तासात पकडतो आणि परत आल्यावर लगेच करून दाखवतो. कंपनी तिकीट द्यायला तयार होईपर्यंत नोझलमनची परीक्षा घेणारा परीक्षक साइटवर बोलावता येतो, तेवढं तरी करा. आणि फोरमनला पासपोर्ट आजच काढायला लावा. गावाकडचा पत्ता, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळवण्यातच दोन महिने जातात.